रॅबिट अँटी-पीटेन अँटीबॉडीने वेस्टर्न ब्लॉट: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) नाहीतर एमएस्सीचं प्रोजेक्ट करणारं पोरगं वेस्टर्न ब्लॉटचा (प्रोटीन जेलवर वजनानुसार वेगळी करून, मेंब्रेनवर घेऊन, अँटीबॉडीने शोधायची पद्धत) फोटो पाठवतं, ५४ किलोडाल्टनच्या आसपास एक बँड असतो आणि खाली प्रश्न, "ताई हा पीटेनच ना?" मी पहिलं हेच विचारते की ज्या पेशींत पीटेन नाहीच, त्यांची लेन (जेलवरचा एका सॅम्पलचा रकाना) कुठंय? ती बहुतेक वेळा लावलेलीच नसते. ती लेन नसेल तर मी काय, कोणीच सांगू शकत नाही की हा पीटेन आहे की दुसरं काहीतरी, कारण अँटीबॉडी व्हायलवरचं लेबल वाचून चिकटत नाही, तिला तिथे काय सापडलं त्यावर चिकटते.

म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. उदाहरण पीटेनचं, म्हणजे माणसाचा ४०३ अमिनो ॲसिडचा फॉस्फटेज, जो पीआयपी-३ या लिपिडवरचा फॉस्फेट काढतो आणि एकेटी या पेशींची वाढ चालवणाऱ्या प्रोटीनला आवरून धरतो. हिशोबाने त्याचं वजन ४७ किलोडाल्टन येतं पण जेलवर तो ५४ च्या जवळ दिसतो, हा फरक बघून घाबरू नका, डेटाशीटवरही ५४ च लिहिलेलं असतं.

टप्पा १: अँटीबॉडी मागवायच्या आधी पेशींची जोडी ठरवा

पॉझिटिव्हसाठी एमसीएफ-७, हीला, एचईके-२९३ यातलं जे लॅबमध्ये असेल ते चालतं. निगेटिव्हसाठी पीसी-३, यू८७-एमजी, एलएनकॅप किंवा एमडीए-एमबी-४६८. या चारही लाईनमध्ये पीटेनचं जीन एकतर उडालेलं आहे किंवा असं बिघडलेलं आहे की प्रोटीन बनतच नाही. पीटेनवर काम करणाऱ्याचं नशीब चांगलं म्हणायचं, कारण बाकीच्या बऱ्याच प्रोटीनसाठी नॉकआउट लाईन बनवत बसावी लागते आणि इथे ती फ्रीझरमध्ये आयती मिळते.

जमलं तर जोडी एकाच अवयवाची घ्या. प्रोस्टेटवर काम असेल तर डीयू-१४५ मध्ये पीटेन असतो, पीसी-३ मध्ये नसतो. स्तनाच्या कॅन्सरवर असेल तर एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-४६८.

पेशी शेजारच्या लॅबमधून "दे ना एक फ्लास्क" करून आणल्या असतील तर त्यांची एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणं) झालीय का विचारा. पुण्यात एनसीसीएसची (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) सेल रिपॉझिटरी आहे, तिथून रीतसर घेतलेल्या पेशींचे कागद तरी हातात असतात. पीसी-३ च्या फ्लास्कमध्ये हीला घुसली असेल तर निगेटिव्ह लेनमध्ये झकास बँड येणार आणि तुम्ही अँटीबॉडीला दोष देत बसणार.

एसआयआरएनएने (छोट्या आरएनएने) नॉकडाउन केलेल्या, म्हणजे पीटेन कमी केलेल्या पेशी मदतीला घ्यायला हरकत नाही, पण पीटेन सावकाश संपतो, ४८ ते ७२ तास थांबा आणि तरी बँड शून्य होईल असं धरू नका. पूर्ण निगेटिव्ह म्हणून नल लाईनच, म्हणजे जिच्यात पीटेन अजिबात नाही ती.

सावधान: उंदरात वाढवलेल्या पीसी-३ च्या गाठीचं लायसेट (पेशी फोडून काढलेलं प्रोटीनचं द्रावण) निगेटिव्ह म्हणून वापरू नका. माणसाचा आणि उंदराचा पीटेन जवळजवळ सारखाच असतो, त्या गाठीत उंदराच्या स्वतःच्या पेशी असतात आणि अँटीबॉडी त्यांचा पीटेन दाखवते.

टप्पा २: डेटाशीट वाचा, व्हायल जपा

"रॅबिट अँटीबॉडी" म्हणजे सशात तयार केलेली, सशाच्या प्रोटीनविरुद्धची नव्हे. हे सगळ्यांना माहीत असतं असं वाटतं पण चुकीची सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटीबॉडीला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी) उचलण्याचं मूळ बरेचदा इथेच असतं.

डेटाशीटवर चार गोष्टी शोधा. मोनोक्लोनल की पॉलिक्लोनल (एकाच प्रकारची अँटीबॉडी की अनेकांचं मिश्रण), कारण पॉलिक्लोनलचा लॉट बदलला की जवळपास वेगळी अँटीबॉडी आली असं समजून पुन्हा तपासायचं. कुठल्या कामासाठी तपासलीय, ब्लॉटसाठी चाललेली अँटीबॉडी पॅराफिन सेक्शनवर चालेलच असं नाही, कारण ब्लॉटमध्ये प्रोटीन उलगडलेलं असतं आणि टिश्यूमध्ये फॉर्मलिनने बांधलेलं. पीटेनच्या कुठल्या टोकाला चिकटते, ते तुमच्याकडे तुकडा केलेला कन्स्ट्रक्ट असेल तर फार महत्त्वाचं, सी-टोकाला चिकटणारी अँटीबॉडी सी-टोक कापलेला पीटेन कधीच दाखवणार नाही. आणि शेवटी, दूध की बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन), कशात डायल्यूट करायला सांगितलंय ते.

पार्सल आलं की आधी जेल पॅक गार आहेत का बघा, आपल्याकडे कस्टममध्ये पार्सल अडकून राहतं हे काही नवीन नाही, त्यामुळे कुठल्या अवस्थेत आलं ते तारखेसकट लिहून फोटो काढून ठेवा. मग व्हायल १०-१५ सेकंद स्पिन करा, कारण १०० मायक्रोलिटरमधले निम्मे थेंब झाकणाला चिकटलेले असतात.

५० टक्के ग्लिसरॉल असलेली अँटीबॉडी उणे २० ला गोठत नाही, तिचे बारीक अलिकॉट (छोट्या ट्यूबमध्ये वाटे) करत बसू नका, उलट ट्यूबच्या भिंतीला चिकटून माल वाया जातो. ग्लिसरॉल नसेल तर मात्र अलिकॉट कराच. कुठलीही असो, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवायची नाही, तिथे तापमान रोज वरखाली होत राहतं.

टप्पा ३: लायसेट

जास्तीत जास्त ब्लॉट इथे बिघडतात आणि दोष मात्र अँटीबॉडीला जातो.

१. डिश थेट बर्फावर ठेवा, मीडिया काढा, थंड पीबीएसने (फॉस्फेटचं खारं बफर) दोनदा धुवा आणि पीबीएस नीट शोषून घ्या. तळाशी राहिलेलं पाव मिलिलिटर पीबीएस लायसिस बफर पातळ करतं.

२. आरआयपीए या लायसिस बफरमध्ये प्रोटीएज इनहिबिटर (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारं) आयत्या वेळी घाला. त्यातला पीएमएसएफ पाण्यात फार वेळ टिकत नाही, सकाळी मिसळलेला बफर संध्याकाळी वापरला तर त्यात तो नसल्यातच जमा.

३. फॉस्फटेज इनहिबिटर पण घाला. इथे एक गैरसमज इतका पसरलाय की थांबून सांगते. पोरं म्हणतात "आपल्याला फॉस्फटेजच बघायचाय तर त्याचा इनहिबिटर कसा घालायचा?" अरे, ब्लॉटमध्ये आपण पीटेनचं काम मोजत नाही, तो आहे की नाही एवढंच बघतो, आणि एन्झाइम बंद पडलं म्हणून प्रोटीन गायब होत नाही. उलट त्याच लायसेटवर फॉस्फो-एकेटी, म्हणजे फॉस्फेट लागलेला एकेटी, बघायचा असेल (आणि बघायलाच हवा, पुढे येतंय) तर इनहिबिटरशिवाय ते फॉस्फेट तुमच्या डोळ्यादेखत उडून जातील. फक्त एन्झाइमची ॲक्टिव्हिटी मोजायची असेल तेव्हा लायसेट वेगळं बनवा, व्हॅनेडेटशिवाय, कारण व्हॅनेडेट पीटेनला बंद पाडतो.

४. बर्फावर १५-२० मिनिटं, मग ४ डिग्रीला १४,००० जी वर १५ मिनिटं. जी म्हणजे आरपीएम नव्हे. साधारण ८.४ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर १२,००० आरपीएम म्हणजे सुमारे १३,५०० जी होतात आणि १४,००० आरपीएम म्हणजे १८,४०० जी. मशीनवर बटण असतं, ते दाबून जी मध्ये बघा.

५. बीसीएने (रंगावरून प्रोटीन मोजायची पद्धत) प्रोटीन मोजा, लोडिंग बफर घालायच्या आधी. लोडिंग बफरमधलं डीटीटी किंवा बीटा-मर्काप्टो (प्रोटीनमधले सिस्टीनचे बंध तोडणारी रसायनं) असलेल्या सॅम्पलवर बीसीए चुकीचं, वाढीव उत्तर देतं.

६. मग लोडिंग बफर, ९५ डिग्रीला ५ मिनिटं. बफरमधलं डीटीटी ताजं हवं. पीटेनच्या ॲक्टिव्ह साइटमधलं १२४ नंबरचं सिस्टीन ऑक्सिडाइज झालं की ७१ नंबरच्या सिस्टीनशी बंध बांधतं आणि असा पीटेन जेलवर जरा पुढे पळतो, म्हणजे बँड खाली दिसतो. सहा महिने बेंचवर पडलेल्या बफरमुळे दोन बँड आले आणि त्याला कोणी "नवीन आयसोफॉर्म" (प्रोटीनचा वेगळा प्रकार) म्हटलं, असं व्हायला नको.

तपासा: मोजणीनंतर सगळी सॅम्पल एकाच पातळीवर आणा, समजा ३ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, म्हणजे प्रत्येक लेनला सारखाच व्हॉल्यूम जाईल. एका लेनला ६ आणि दुसरीला १९ मायक्रोलिटर टाकलं की बँड आडवेतिडवे पळतात.

टप्पा ४: जेल, आणि कोण कुठे बसणार ते आधीच ठरवा

१० टक्क्यांचं जेल, लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम. जेलच्या वरच्या स्टॅकिंग भागात ८० व्होल्ट, खालच्या रिझॉल्व्हिंग भागात १२०.

लेनचा क्रम मी असा लावते: लॅडर (वजन माहीत असलेली प्रोटीन), एमसीएफ-७, मग एक लेन नुसता लोडिंग बफर, मग पीसी-३, मग सॅम्पल. मधली लेन वाया जाते असं वाटतं, पण पॉझिटिव्हच्या विहिरीतून थेंबभर माल शेजारी सांडला की निगेटिव्हमध्ये फिकट बँड येतो आणि पुढचे दोन आठवडे त्या फिकट बँडवर चर्चा. ती मोकळी लेन असेल तर सांडलं की नाही ते तिथेच दिसतं.

आता वजनं कागदावर लिहा. पीटेन ५४. ॲक्टिन ४२ (सगळ्या लेनमध्ये माल सारखा गेला का ते बघायला लावतात, जीएपीडीएच आणि ट्युब्युलिनही त्याचसाठी). जीएपीडीएच ३७. एकेटी ६०. आणि ट्युब्युलिन ५० ते ५५, म्हणजे नेमका पीटेनच्या डोक्यावर.

हे मी स्वतः भोगलंय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मेंब्रेनवर आधी माऊस अँटी-ट्युब्युलिन लावलं, छान आलं, धुतलं आणि त्याच मेंब्रेनवर रॅबिट अँटी-पीटेन लावलं. एमसीएफ-७ मध्ये बँड, पीसी-३ मध्येही तितकाच ठसठशीत बँड. चार दिवस मी पेशी बदलल्या, अँटीबॉडीचं डायल्यूशन बदललं, ब्लॉकिंग बदललं. मग एकदा रात्री मेंब्रेनवर कुठलीही नवीन अँटीबॉडी न लावता नुसतं ईसीएल (सेकंडरीवरच्या एचआरपी या एन्झाइममुळे उजेड देणारं द्रावण) टाकलं आणि तोच बँड पुन्हा दिसला. पहिल्या सेकंडरीवरचं एचआरपी अजून तिथेच बसलेलं होतं आणि मी ट्युब्युलिनलाच पीटेन समजत होते. तेव्हापासून पीटेनच्या ब्लॉटला ट्युब्युलिन नाही म्हणजे नाही.

सावधान: आयपी (अँटीबॉडीने लायसेटमधून प्रोटीन ओढून काढणं) करून मग ब्लॉट करणार असाल तरी हीच अडचण आहे. अँटीबॉडीची हेवी चेन ५० ते ५५ ला येते आणि पीटेनला झाकून टाकते. आयपीला रॅबिट आणि ब्लॉटलाही रॅबिट वापरायची असेल तर फक्त लाईट चेन ओळखणारी सेकंडरी घ्या, ती २५ ला दिसेल आणि ५४ मोकळं राहील.

टप्पा ५: ट्रान्सफर

पीव्हीडीएफ मेंब्रेन मेथनॉलमध्ये ३० सेकंद बुडवा, मग ट्रान्सफर बफरमध्ये. त्यानंतर ती सुकू द्यायची नाही. कॅसेटच्या काळ्या (निगेटिव्ह) बाजूकडून लाल (पॉझिटिव्ह) बाजूकडे क्रम असा: स्पंज, फिल्टर पेपर, जेल, मेंब्रेन, फिल्टर पेपर, स्पंज. एसडीएसमुळे प्रोटीन निगेटिव्ह असतं, ते लालकडे पळतं, म्हणून जेल काळ्याकडे आणि मेंब्रेन लालकडे. उलटं लावलंत तर प्रोटीन बफरमध्ये गेलं, परत मिळणार नाही. रोलर फिरवून बुडबुडे काढा. १०० व्होल्टला ६० ते ९० मिनिटं, टाकीत बर्फाचा ब्लॉक ठेवून.

तपासा: पॉन्सो (प्रोटीन रंगवणारा डाय) टाकून सगळ्या लेन सारख्या गुलाबी दिसतात का बघा आणि फोटो काढा. बुडबुडा राहिला असेल तिथे पांढरा गोल दिसेल, तो ५४ च्या रेषेत असेल तर ब्लॉट तिथेच थांबवा, अँटीबॉडी वाया घालवू नका. मेंब्रेनचा एक कोपरा कापून खूण करा, दिशा नंतर आठवत नाही.

टप्पा ६: ब्लॉकिंग आणि प्रायमरी

टीबीएस (ट्रिसचं खारं बफर) अधिक ०.१ टक्का ट्वीन-२०, म्हणजे टीबीएसटी, त्यात ५ टक्के स्किम्ड मिल्क पावडर, तासभर रूम टेम्परेचरला. प्रायमरी मात्र डेटाशीटने बीएसए सांगितलं असेल तर बीएसएमध्येच. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, त्यामुळे फॉस्फो-एकेटीच्या मेंब्रेनला बीएसए बरं. दुधात न विरघळलेले गठ्ठे राहिले तर मेंब्रेनवर काळे ठिपके येतात, आधी नीट ढवळा.

सुरुवात १:१००० ने करा, म्हणजे १० मिलिलिटरमध्ये १० मायक्रोलिटर. मेंब्रेनच्या मापाचा छोटा डबा घेतला तर ५ मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोलिटरने काम होतं आणि व्हायल दुप्पट दिवस पुरते. मोठ्या ट्रेमध्ये ५ मिलिलिटर टाकू नका, रॉकरवर एक कोपरा कोरडा पडतो. ४ डिग्रीला रात्रभर, हलत ठेवून. व्हायल काम झालं की लगेच उणे २० ला, "नंतर ठेवते" म्हणून बेंचवर राहिलेली व्हायल सकाळी दुसऱ्यालाच सापडते.

डायल्यूट केलेली अँटीबॉडी पुन्हा वापरायची तर ०.०२ टक्के सोडियम ॲझाइड घालून ४ डिग्रीला ठेवतात. चालतं, पण महत्त्वाच्या शेवटच्या ब्लॉटला नवीनच वापरा, आणि ट्यूबवर कितव्यांदा वापरली ते लिहा.

सावधान: ॲझाइड एचआरपीला मारतं. प्रायमरीत असलेलं नंतर धुऊन जातं म्हणून चालतं, एचआरपीच्या सेकंडरीत ते कधीही घालायचं नाही. ॲझाइड विषारी पण आहे, हातमोजे घाला.

टप्पा ७: धुणं आणि सेकंडरी

टीबीएसटीने तीनदा, प्रत्येक वेळी १० मिनिटं, भरपूर बफर घेऊन. घाईत पाच-पाच मिनिटं केली की बॅकग्राउंड राखाडी येतं.

सेकंडरी अँटी-रॅबिट आयजीजी, एचआरपी लावलेली, साधारण १:२००० ते १:१०,००० मध्ये, किती ते तुमच्या ईसीएलवर ठरतं. तासभर रूम टेम्परेचरला, मग पुन्हा तीनदा धुणं. ट्यूब उचलताना मोठ्याने वाचा, "अँटी-रॅबिट". फ्रीजमध्ये अँटी-माऊस आणि अँटी-रॅबिट सारख्याच झाकणाच्या शेजारीशेजारी असतात आणि पूर्ण कोरी मेंब्रेन येण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे.

पहिल्यांदा नवीन अँटीबॉडी वापरताना एक पट्टी प्रायमरीशिवाय, फक्त सेकंडरी लावून करा. तिच्यावर ५४ ला काही दिसलं तर तो पीटेन नाही.

टप्पा ८: डेव्हलप करणं

ईसीएल मिसळा, मिनिटभर, जास्तीचं निथळून घ्या. मग एकाच एक्स्पोजरवर समाधान मानू नका, ५ सेकंद, ३० सेकंद, २ मिनिटं असे घ्या आणि मशीन सॅच्युरेशन दाखवत असेल तर तो फोटो मोजायला वापरू नका. बँड मधोमध पांढरा आणि कडेला काळा दिसला तर अँटीबॉडी जास्त झालीय, एचआरपीने तिथलं ईसीएल संपवून टाकलं. अशा वेळी वेळ वाढवून उपयोग नाही, सेकंडरी पातळ करा.

निगेटिव्ह लेनसाठी मुद्दाम एक लांब एक्स्पोजर घ्या. ५ सेकंदाला पीसी-३ कोरी दिसणं सोपं असतं, दोन मिनिटांना पण कोरी राहिली तर मी मानते.

टप्पा ९: ॲक्टिन

ॲक्टिन शेवटी लावायचं, माऊस अँटीबॉडीने, त्याच मेंब्रेनवर. ५४ आणि ४२ मध्ये पुरेसं अंतर आहे, पीटेनचा जुना सिग्नल राहिला तरी गोंधळ होत नाही. पण मेंब्रेन ५४ आणि ४२ च्या मध्ये कापायच्या फंदात पडू नका, ब्लेड जरा हललं की एक बँड अर्धा जातो. फॉस्फो-एकेटी पण रॅबिटच असते आणि ६० ला येते, ती वेगळ्या मेंब्रेनवर, तेच लायसेट पुन्हा चालवून. स्ट्रिपिंगवर भरवसा ठेवू नका, त्यात थोडं प्रोटीनही जातं, आणि केलंच तर नंतर नुसतं ईसीएल टाकून जुना सिग्नल खरंच गेलाय का ते बघा.

टप्पा १०: बँड वाचणं

एमसीएफ-७ मध्ये ५४ ला एक बँड, पीसी-३ मध्ये तिथे काही नाही, आणि ॲक्टिन दोन्हीकडे सारखं. यातलं तिसरं नसेल तर दुसऱ्याला अर्थ नाही, पीसी-३ ची लेन मुळात रिकामी गेली असू शकते.

वेगळ्या मेंब्रेनवर एकेटीचा सेरीन ४७३ (फॉस्फेट लागायची जागा) बघा. पीसी-३ मध्ये तो जोरात यायला हवा कारण आवरणारं कोणी नाही. सोबत एकूण एकेटी पण लावा, नुसत्या फॉस्फोवरून बोलू नका. पीटेन नाही आणि फॉस्फो-एकेटी वर, हे दोन्ही एकत्र दिसलं की तुमची अँटीबॉडी, तुमच्या पेशी आणि तुमचं लायसेट तिन्हीची परीक्षा एकदम होते.

७० ते ७५ च्या भागात एखादा फिकट बँड आला तर तो पीटेनचा लांब प्रकार असू शकतो, त्याला पुढे १७३ अमिनो ॲसिड जास्त असतात. पण इथेही तोच न्याय, पीसी-३ मध्येही तो बँड असेल तर तो पीटेनचा लांब प्रकार नाही, अँटीबॉडी भलतीकडे चिकटतेय.

आकडे काढायचे असतील तर आधी एकाच लायसेटचे ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम चालवा. माल दुप्पट झाला की बँडही दुप्पट होतोय तेवढ्याच पट्ट्यात मोजायचं. बऱ्याच लायसेटमध्ये ॲक्टिन ३० मायक्रोग्रॅमला केव्हाच सॅच्युरेट झालेलं असतं, आणि त्याने भागून काढलेला फोल्ड चेंज (किती पट बदललं तो आकडा) नुसता दिसायला नीटनेटका असतो.

आणि पीसी-३ मध्ये ५४ ला बँड आलाच तर या क्रमाने शोधा: मोकळ्या लेनमध्ये काही सांडलंय का, फक्त सेकंडरीच्या पट्टीवर तो दिसतो का, मेंब्रेनवर आधी दुसरं काही लावलं होतं का, पेशींची एसटीआर बरोबर आहे का. ही चारही उत्तरं स्वच्छ असतील आणि दुसऱ्या नल लाईनमध्येही, समजा यू८७-एमजी मध्ये, तोच बँड असेल, तर मग अँटीबॉडीवर संशय घ्यायचा. लॉट नंबर आणि दोन्ही ब्लॉटचे न कापलेले फोटो जोडून विक्रेत्याला मेल करा, ती व्हायल बाजूला काढून वर तारीख टाका म्हणजे दुसरं कोणी उचलणार नाही, आणि नवीन लॉट आला की पहिला ब्लॉट एमसीएफ-७ आणि पीसी-३ याच दोन लेनचा, तुमची सॅम्पल त्यानंतर.